हौस, शर्यत आणि शिखर
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ ही जुनी वस्ती आहे. यात्रेकरूंना ती कालभैरवाच्या मंदिरामुळे ठाऊक असते; पण कापडाची पारख असणाऱ्यांना ती छिपा कारागिरांच्या छपाईमुळे अधिक जवळची वाटते. या वस्तीत दोन कला शेजारी शेजारी नांदतात. एकीत लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर उमटवायचा. हात भराभर चालला पाहिजे, एका ठशाची कड दुसऱ्याच्या कडेशी नेमकी जुळली पाहिजे, आणि सबंध थान संपेपर्यंत लय मोडता कामा नये. दुसरी कला बाटिकची. तीत वितळलेले मेण हाताने कापडावर लावायचे आणि मग कापड रंगाच्या कुंडात सोडायचे. मेण असते तेथे रंग चढत नाही. मेणाला तडा गेला की त्या तड्यातून रंगाची बारीक रेघ आत शिरते. ती रेघ कोठे उमटेल हे कारागीरही आधी सांगू शकत नाही. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले. ठसा श्रेष्ठ की मेण, असा वाद मात्र भैरवगढात कोणी घालत बसत नाही.

आजचा विषय याच दोन वृत्तींचा आहे. क्षेत्र तेवढे निराळे आहे. ते हौशी रेडिओचे. या छंदात दोन पंथ आहेत. एक पंथ स्पर्धेत रमणाऱ्यांचा: ठरलेल्या तासांत जगभरातील जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा. दुसरा शिखरावर जाणाऱ्यांचा: पाठीवर लहानसे यंत्र घेऊन डोंगर चढायचा, झाडाला किंवा काठीला तार बांधायची आणि तेथून बोलायचे. खरी मैत्री आणि खरा आनंद कोणत्या वाटेवर आहे, हा या दोघांतला जुना वाद. प्रथमदर्शनी तो चार छांदिष्टांचा घरगुती वाद वाटेल. परंतु माणसाला माणूस कशाने जोडला जातो, हा प्रश्न त्याच्या तळाशी आहे. आणि शंभर वर्षे माणसे जोडत आलेल्या ग्रंथालयाला तो परका नाही.

प्रथम 'हौशी' या शब्दाकडे पाहू. मराठी माणसाला तो रंगभूमीमुळे परिचयाचा आहे. हौशी म्हणजे पोटासाठी न करणारा. हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. हौशी रेडिओचालकाला परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो; स्वतःचे संकेतनाम मिळते, भारतात ते सामान्यतः 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होते; परंतु या संभाषणातून त्याला एक पैसाही मिळवता येत नाही. व्यापार करावयाचा नाही, गाणी लावावयाची नाहीत, गुप्त भाषा वापरावयाची नाही. एवढे सगळे वर्ज्य केल्यावर जे उरते ते निव्वळ ऐकणे आणि बोलणे. म्हणूनच या छंदात मैत्रीचा प्रश्न इतका महत्त्वाचा ठरतो. धनाचा लाभ नाही, तेव्हा माणसाचाच लाभ व्हावयाचा.

आपल्या देशात या छंदाचा आरंभ १९२१ साली कलकत्त्यातील अमरेंद्र चंद्र गुप्तू यांच्यापासून मानतात. 'टू-जे-के' हे त्यांचे संकेतनाम. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर हौशी प्रक्षेपक सरकारजमा करण्याचे हुकूम निघाले. स्वातंत्र्यानंतर या मंडळींची देशव्यापी संघटना उभी राहिली ती दिल्लीत नव्हे, मुंबईतही नव्हे, तर आपल्या माळव्यात. १५ मे १९४८ रोजी महू येथील सिग्नल्सच्या लष्करी विद्यालयात तिचे उद्घाटन झाले. पुढे तिचे मुख्यालय दिल्लीस गेले आणि १९५४ मध्ये तिला 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' हे नाव मिळाले. भैरवगढपासून महू पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. या छंदाचे एक पाळणाघर इतके जवळ असावे, हे माळव्यातील फारच थोड्यांच्या ध्यानात असते.

आता स्पर्धेकडे वळू. जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही एक १९४८ पासून चालत आली आहे. ऑक्टोबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती आवाजी संभाषणाची असते आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मोर्स संकेतांची. तिची घटिका ग्रिनिचच्या मध्यरात्री भरते. ज्या उज्जयिनीच्या रेखावृत्तावरून भारतीय ज्योतिषी शतकानुशतके देशांतर मोजत आले, जेथे सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारली, त्याच उज्जयिनीत ही स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. सलग अठ्ठेचाळीस तास.

त्या पहाटेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. उज्जैनला अजून पुरते उजाडलेले नाही आणि युरोपात मध्यरात्र आहे. सूर्यप्रकाश वातावरणाच्या वरच्या थरांत पुरेसा पसरलेला नसल्याने सात मेगाहर्ट्झच्या लहरी शोषल्या न जाता आयनांबरावरून परतून हजारो मैल जातात. यंत्र लावताच कानात गर्दी उसळते. शेकडो आवाज एकमेकांवर चढलेले. त्यांतून एक संकेतनाम वेचायचे, ते अचूक उच्चारायचे, 'एकोणसाठ, बावीस' एवढे सांगायचे आणि समोरच्याचे आकडे टिपून पुढच्याकडे वळायचे. यातील बावीस हा भारताचा विभाग. स्पर्धेसाठी पृथ्वीचे चाळीस विभाग केलेले आहेत. एकोणसाठ म्हणजे आवाज अगदी स्पष्ट आणि जोरकस. समोरचा कितीही क्षीण ऐकू येत असला तरी स्पर्धेत प्रत्येकाला एकोणसाठच दिले जातात, हा या जगातला एक सर्वमान्य शिष्टाचार. एक संपर्क पाच-सात सेकंदांत संपतो. कसलेला चालक तासाला शंभर-दोनशे संपर्क नोंदवतो.

शिखरपंथीयांचा आक्षेप नेमका येथेच आहे. ते विचारतात, पाच सेकंदांत कोणती मैत्री होते? समोरच्याचे नाव नाही, गाव नाही, तेथे पाऊस पडतो आहे की बर्फ, याची चौकशी नाही; आणि जी एक गोष्ट सांगितली, ती 'एकोणसाठ', तीही बहुधा खरी नाही. हा तर माणसांचा ठसे-बाजार झाला!

आक्षेप सोपा आहे आणि म्हणून चटकन पटतो. परंतु या खेळाच्या आतल्या बाजूला दोन गोष्टी आहेत, त्या बाहेरून दिसत नाहीत. पहिली ही की, येथे पंच नसतो. स्पर्धक आपल्या खोलीत एकटा असतो. किती शक्तीने प्रक्षेपण केले, नोंद कशी केली, हे बव्हंशी त्याच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले असते. स्पर्धा संपल्यावर साऱ्यांच्या नोंदवह्या संगणकाने एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. एक अक्षर चुकीचे ऐकले असेल तर तो संपर्क बाद होतो, वर दंडाचे गुण कापले जातात. म्हणजे दुसऱ्याचे नाव बरोबर ऐकणे, हाच या शर्यतीचा गाभा. माणसाचे नाव बरोबर ऐकणे ही मैत्रीची पहिली पायरी नव्हे काय?

दुसरी गोष्ट सातत्याची. एखादा आवाज दर वर्षी त्याच सुमारास, त्याच पट्ट्यावर, त्याच किंचित घोगऱ्या सुरात पाच सेकंद भेटतो. दहा वर्षांत त्याच्याशी झालेले सारे बोलणे एका मिनिटात मावेल. तरीही एखाद्या वर्षी तो ऐकू आला नाही तर चुटपुट लागते. पंढरीच्या वाटेवर दर वर्षी एकाच मुक्कामी भेटणारे दोन वारकरी जसे नाव-गाव न विचारता एकमेकांच्या पाया पडतात, तसा हा ऋणानुबंध. शिवाय ज्या केंद्रावरून पाच-सहाजण पाळीपाळीने स्पर्धा चालवतात, तेथे रात्री तीन वाजता चहाचा पेला पुढे करणारा सोबती, पेंगुळलेल्या मित्राच्या हातून हळूच ध्वनिग्राहक काढून घेणारा सोबती, हा जन्माचा मित्र होतो. एकोणसाठचा शिष्टाचार समोरच्यासाठी असतो. मैत्री शेजारच्या खुर्चीवर असते.

आता शिखराकडे. खरे तर भैरवगढ नावाने गढ असला तरी तेथे डोंगर नाही. सारी वस्ती नदीकाठच्या सपाटीवर. शिखराची हौस असणाऱ्या माळवेकराला दक्षिणेकडे, विंध्याच्या कडेला जावे लागते. महूजवळचा जानापाव हा सुमारे साडेआठशे मीटर उंचीचा डोंगर त्या दृष्टीने आदर्श. परशुरामाची जन्मभूमी म्हणून त्याची ख्याती आहे आणि चंबळेचा उगमही तेथेच मानतात. माथा भोवतालच्या पठारापेक्षा तीनएकशे मीटर उंच. अतिउच्च कंप्रतेच्या लहरी साधारणतः नजरेच्या रेषेत जातात. तीनशे मीटर उंचीवरून रेडिओचे क्षितिज सुमारे सत्तर किलोमीटरपर्यंत विस्तारते. खाली गल्लीच्या टोकाशी अडखळणारा हातातला संच वर गेल्यावर तालुके ओलांडतो. उंचीचा हा फायदा कोणत्याही पैशाने विकत मिळत नाही. तो पायांनी मिळवावा लागतो.

शिखरावरून बोलण्याच्या हौसेला २००२ साली इंग्लंड-वेल्समध्ये एक नियमबद्ध रूप मिळाले. 'समिट्स ऑन द एअर' हे त्या उपक्रमाचे नाव, आणि आज तो अनेक देशांत पसरला आहे. त्याचे नियम पाहण्याजोगे आहेत. सारे सामान अंगावर वाहून न्यायचे. मोटारीत बसून बोलायचे नाही. पेट्रोल-डिझेलचे जनित्र चालणार नाही. केंद्र माथ्यापासून पंचवीस मीटर उंचीच्या आतच मांडायचे. किमान चार संपर्क झाले तर शिखराचे गुण मिळतात. घरातले केंद्र शे-दोनशे वॉटचे असेल, तर येथे पाच वॉट पुष्कळ झाले. सात मेगाहर्ट्झसाठी वीसेक मीटर तार, मधोमध कापून तिला जोडतार लावलेली, एक कळकाची काठी, लहानशी बॅटरी, पाण्याची बाटली, आणि दशम्या. काठी उभी करायला दुसरा माणूस लागतोच, म्हणून सोबतीही हवा.

या वाटेचे सुख वेगळे सांगायला नको. वारा वाहतो आहे, खाली शेते पसरली आहेत, आणि पाच वॉटच्या क्षीण हाकेला दूरच्या कुठल्याशा गावातून उत्तर येते. उत्तर देणारा नाव सांगतो, हवा विचारतो, डोंगराचे नाव पुन्हा एकदा उच्चारून घेतो. येथे एकोणसाठ दिले तर ते खरे असते. आणि 'तेहेतीस' दिले तरी कोणाला वाईट वाटत नाही, कारण जेमतेम ऐकू येण्यातच गंमत आहे. एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावरच्या माणसाशी संपर्क झाला तर तो दिवस सणाचा. दोघेही दमलेले, दोघांच्याही तारा वाऱ्याने हलत असलेल्या, आणि दोघांनाही बॅटरी केव्हा संपेल याची चिंता. समदुःखी माणसांत मैत्री लवकर जमते.

यावर स्पर्धापंथीयांचा प्रतिआक्षेपही ऐकण्यासारखा आहे. ते म्हणतात, शिखरावर गेलात म्हणून निरिच्छ झालात असे समजू नका. चार संपर्कांची अट तुम्हीही मोजता. उंचीप्रमाणे गुण तुम्हीही घेता. हजार गुण झाले की 'पहाडी बोकड' ही पदवी मिळवण्यासाठी पायपीट तुम्हीही करता; आणि घरबसल्या शिखरे ऐकून हजार गुण मिळवणाऱ्याला 'खोलीतला आळशी अस्वलराव' अशा धर्तीची पदवी तुमच्याच मंडळींनी दिली आहे! शिखरावरून हाक दिली की खालचे उत्सुक लोक तुमच्यावरही तुटून पडतात. मग तुम्हीही नाव टिपून पुढे सरकता. तेव्हा तुमचे शिखर आणि आमची शर्यत यांत अंतर ते कितीसे?

हा प्रतिआक्षेपही खोटा नाही. वस्तुतः दोन्ही पंथांची सीमारेषा बाटिकवरच्या रेघेसारखी आहे. ती कोठून कोठे शिरेल याचा नेम नाही. अतिउच्च कंप्रतेच्या स्पर्धांत चांगले गुण हवे असतील तर स्पर्धकालाही डोंगर गाठावा लागतो. अमेरिकेतील 'फील्ड डे' १९३३ पासून दर जूनमध्ये होतो. त्यात मंडळे तंबू ठोकतात, मैदानात तारा उभारतात, स्वयंपाक करतात आणि संपर्कांची मोजदादही करतात. ती स्पर्धा आहे की सहल, हे ठरवणे कठीण.

तरीही एक खरी कुरबूर आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. मोठ्या स्पर्धेच्या शनिवार-रविवारी पट्टे इतके भरून जातात की शिखरावरचा पाच वॉटचा आवाज त्यांत बुडून जातो. चार तास चढून गेलेल्या माणसाला हाक देण्यापुरतीही जागा सापडत नाही. नेमके सुटीचे दिवस दोघांनाही हवे असतात. या तंट्यावर या मंडळींनी काढलेला तोडगा मात्र अनुकरणीय आहे. १९७९ च्या जागतिक परिषदेत हौशी मंडळींना दहा, अठरा आणि चोवीस मेगाहर्ट्झच्या आसपासचे तीन नवे पट्टे मिळाले. या तीन पट्ट्यांवर स्पर्धा घ्यायच्या नाहीत, असा संकेत जगभर पाळला जातो. स्पर्धेची कितीही धामधूम असो, तेथे सावकाश बोलणाऱ्याला जागा राखलेली असते. ज्याची हौस आपल्याहून वेगळी आहे त्याच्यासाठी आपण होऊन जागा सोडणे, ही मैत्रीची फार मोठी खूण मानली पाहिजे. ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील शांतता आणि देवघेवीच्या खिडकीवरची लगबग एकाच छपराखाली नांदते, ती याच समजुतीवर.

मराठी हौशी रंगभूमीचा दाखला येथे आठवतो. १९५४ मध्ये महाराष्ट्रात राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. स्पर्धेने नाटकवाले ईर्षेला पेटले, पण त्याच ईर्षेने गावोगावची मंडळी तालमीला वेळेवर येऊ लागली, पाठांतर पक्के झाले, प्रकाशयोजनेचा विचार होऊ लागला. दुसरीकडे गणेशोत्सवातले नाटक कोणत्याही पारितोषिकाशिवाय चालत राहिले. एकाने शिस्त दिली, दुसऱ्याने जिव्हाळा राखला. नट मात्र पुष्कळदा तेच होते.

शिस्त आणि जिव्हाळा यांची गाठ कोठे पडते, हे २००४ च्या डिसेंबरात अंदमानात दिसले. त्या बेटांवरून हौशी रेडिओचे प्रक्षेपण दीर्घ काळ बंद होते. त्यामुळे अंदमानशी संपर्क व्हावा म्हणून जगभरचे स्पर्धक आसुसलेले होते. अखेर परवानगी मिळाली आणि भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली एक पथक पोर्ट ब्लेअरला गेले. 'व्हीयू-फोर-आर-बी-आय' हे संकेतनाम ऐकताच जगभरातून हाकांचा पाऊस पडू लागला. दिवसरात्र तेच: नाव वेचायचे, आकडे द्यायचे, पुढचा. कोणी त्याला पोरखेळ म्हटले असते. २६ डिसेंबरच्या सकाळी धरणी हादरली आणि पाठोपाठ समुद्र आत आला. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा हा खेळ क्षणात थांबला आणि तेच यंत्र, तेच कान, तोच न थकणारा आवाज निरोपांच्या कामाला लागला. अमुक गावची अमुक व्यक्ती सुखरूप आहे, हे मुख्य भूमीवर कळवायचे. तिकडची विचारणा इकडे पोहोचवायची. ज्यांनी कालपर्यंत गुणांसाठी हाका मारल्या होत्या, ते जगभरचे चालक आज शांत राहून ऐकू लागले.

या प्रसंगाचा नीट विचार केला पाहिजे. गोंगाटातून एक नाव एकदाच ऐकून अचूक टिपण्याची सवय कोणी लावली? स्पर्धेने. रात्र-रात्र जागून आवाज स्थिर ठेवण्याचा सराव कोणी दिला? स्पर्धेने. परंतु वीज नसताना बॅटरीवर केंद्र कसे मांडायचे, हाताशी असलेल्या काठीवर तार कशी चढवायची, थोड्या शक्तीत दूरवर कसे पोहोचायचे, हे कोणी शिकवले? ते उघड्यावरच्या हौसेने. १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो की २००१ चा भूजचा, हौशी रेडिओचालक धावले तेव्हा त्यांना या दोन्ही विद्यांची गरज लागली. संकटाच्या वेळी दोहोंपैकी एकीनेच काम भागले नसते.

बंगालमध्ये गंगासागरच्या यात्रेत हौशी रेडिओचालक हरवलेल्या यात्रेकरूंना त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम करीत आले आहेत. भाषा न समजणारी एखादी म्हातारी सापडते. तिच्या बोलण्यातून गावाचे नाव ओळखायचे आणि ते त्या प्रांतातल्या मित्राला कळवायचे. तो मित्र अनेकदा केवळ आवाजाने ओळखीचा असतो. परंतु तो त्या गावी जातो, घर शोधतो. पाच सेकंदांच्या ओळखीचे मोल किती, हे त्या म्हातारीच्या मुलाला विचारावे. उज्जयिनीतही २०२८ मध्ये सिंहस्थ भरावयाचा आहे. क्षिप्रेच्या घाटांवर लोटणाऱ्या जनसागरात चुकामूक ठरलेलीच. माळव्यातील तरुणांनी आजपासून परीक्षा देऊन परवाने घेतले, शर्यतीत कान तयार केले आणि जानापावच्या माथ्यावर हात तयार केले, तर त्या पर्वकाळात त्यांची हौस कितीतरी कुटुंबांच्या उपयोगी पडू शकेल.

या छंदातील एक प्रथा सांगून समारोप करणे उचित होईल. संपर्क झाल्यावर त्याची खूण म्हणून एक पत्र पाठवण्याची रीत आहे. त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. आता पुष्कळशी नोंद संगणकावरच होते, तरी जुन्या चालकांच्या घरी अशा कार्डांच्या पेट्या असतात. एखादा चालक निवर्तला की त्याच्या नावापुढे 'मूक कळ' अशा अर्थाचे दोन शब्द लिहितात. मोर्सची कळ आता वाजणार नाही, एवढेच त्यातून सांगायचे असते. त्याच्या पेटीत शर्यतीतली कार्डे आणि शिखरावरची कार्डे एकत्रच ठेवलेली असतात. कोणते पाच सेकंदांचे होते आणि कोणते अर्ध्या तासाचे, हे मागे राहिलेल्यांना सहसा ओळखता येत नाही. प्रत्येकावर एक नाव, एक गाव, एक तारीख आणि एक वेळ असते. त्या दिवशी, त्या घटकेला, कोणीतरी हाक मारली होती आणि कोणीतरी ती ऐकली होती.

ग्रंथालयातील जुन्या पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या देवघेवीच्या पत्रिकाही अशाच आहेत. एका रात्रीत पुस्तक संपवून परत करणारा वाचक आणि महिनाभर ते उशाशी ठेवणारा वाचक, दोघांच्याही तारखा एकाखाली एक उमटलेल्या आहेत. भैरवगढचा कारागीर ठसाही मारतो आणि मेणही लावतो. कापड नेसणाऱ्याला ते अंगावर ऊब देते. हौसेची वाट कोणतीही असो, ती दुसऱ्याच्या नावापर्यंत पोहोचावी आणि ते नाव चुकीचे ऐकू येऊ नये, एवढीच अपेक्षा.